ट्रॉयमधली ठासणीची बंदूक

माझे सासरे आणि सासूबाई एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आले. परतीचं तिकीट ऑक्टोबरमधलं होतं, दसऱ्यानंतर नऊ दिवसांनी. मधल्या काळात सासऱ्यांनी आमच्या गॅरेजमध्ये एक बंदूक तयार केली. मी नऊ वर्षं पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते आणि आता घरी बसून यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते. त्यामुळे त्या सहा महिन्यांतलं बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

पहिल्या आठवड्यात बाबांनी घर तपासलं. मुलाचं घर पाहणं वेगळं आणि हे वेगळं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या घट्ट केल्या, गॅरेजच्या दाराच्या साखळीला तेल दिलं, जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा आवाज बंद केला. मग घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. ते टोपी-मफलर घालून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि वीस मिनिटांत परत आले.

"एक माणूस नाही दिसला रस्त्यावर," ते म्हणाले. "सगळे गेले कुठं?"

"गाडीत आहेत, बाबा," माझा नवरा म्हणाला.

समोरच्या घरातल्या गृहस्थांचं गॅरेज मात्र रोज सकाळी आठला उघडायचं. ते बाबांच्याच वयाचे, म्हणजे सत्तरीच्या पुढचे. मोटारींचे भाग ओतायला जे लाकडी साचे लागतात, ते बनवण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. निवृत्तीनंतर ते जुन्या धाटणीच्या बंदुका जुळवायचे. नळी, चाप म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी कळ, दस्त्याचं लाकूड असे सुटे भाग पेटीतून येतात. ते जवळजवळ तयार असतात, पण जवळजवळच. एकमेकांत बसवायचं काम हाताने करावं लागतं आणि त्यात महिने जातात. बंदूक एकबारी, तोंडातून दारू ठासायची, चकमकीच्या ठिणगीवर उडणारी.

बाबा दोन दिवस त्यांच्या ड्राइव्हवेच्या कडेला हात मागे बांधून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी समोरच्यांनी आतून एक स्टूल आणून ठेवलं.

बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं होतं. टॉलरन्स, क्लिअरन्स, बर, फिनिश, रिजेक्ट. समोरच्यांना एवढं पुरायचं. बाबा त्यांना 'भाऊ' म्हणायला लागले. आठवड्याभरात रस्त्यापलीकडून आवाज यायला लागला, "गुड मॉर्निंग, भाऊ!" हा शब्द दोन्हीकडून वापरायचा असतो हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं होतं.

जूनमध्ये फादर्स डेला नवऱ्याने बाबांसाठी एक पेटी मागवली. त्याआधी त्याने ओळखीच्या वकिलाला विचारून घेतलं होतं, कारण तो तसा माणूस आहे. अशा जुन्या पद्धतीच्या बंदुकीला कायद्याने वेगळं धरलं जातं, असं वकिलाने सांगितलं. तरीही पेटी आपल्या नावावर, बंदूक आपल्या नावावर, हे नवऱ्याने बाबांना तीनदा बजावलं.

"माझ्या नावावर काही नको," बाबा म्हणाले. "करू तर मला दे."

पेटीतून मेपलच्या लाकडाचा लांब दस्ता निघाला, कडा अजून बोजड. अष्टकोनी नळी निघाली, साडेतीन फुटांची. कागदात गुंडाळलेला चाप, पितळेचे तुकडे, स्क्रूंची पुडी. सासूबाईंनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "मग बंदूक कुठाय?"

"हीच ती," बाबा म्हणाले. "अजून व्हायची आहे."

मी जुन्या सवयीने त्यांना कारण विचारलं. त्यांनी ते फारसा विचार न करता सांगितलं. नागपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठ्ठावीस तपासणी विभागात. त्यांच्या टेबलावर पोलादाची एक पिन यायची, बोटाच्या पेराएवढी. ती गेजमध्ये घालून बघायची. बसली तर उजवीकडच्या ट्रेमध्ये, नाही बसली तर डावीकडच्या. उजवीकडच्या पिना खोक्यात भरून दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात जायच्या आणि तिथे त्या रायफलीत बसवल्या जायच्या. तयार रायफल त्यांनी फक्त फाटकावरच्या शिपायाच्या खांद्यावर पाहिली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी त्या शिपायाला म्हटलं, जरा बघू दे हातात. शिपाई म्हणाला, नियम नाही साहेब.

"त्याचं बरोबर होतं," बाबा म्हणाले. "पण एक तरी अख्खी करायची राहिली ना. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आपल्याच हातची."

समोरच्या भाऊंशी त्यांनी तसा करारच केला. भाऊंनी आपल्या बंदुकीवर करून दाखवायचं, बाबांनी आपल्या बंदुकीवर करायचं. बाबांच्या बंदुकीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. पुढच्या शनिवारी नवरा उत्साहाने एक छोटं इलेक्ट्रिक ग्राइंडर घेऊन गॅरेजमध्ये गेला.

"बाबा, हे वापरा यार. दोन तासांत होईल."

"दोन तासांत संपवून मग काय करू? तुझे कपडे वाळत घालू?"

"अहो, पण हाताने—"

"ठेव बे ते."

ग्राइंडर अजून डब्यात आहे.

कामाची पद्धत अशी. चाप लाकडात बसवायचा म्हणजे लाकडात त्याच्या आकाराचा खड्डा करायचा, आणि तो असा की लोखंड आणि लाकूड यांच्यात कागदही जाऊ नये. त्यासाठी लोखंडाला काजळी लावतात आणि ते लाकडात दाबतात. बाहेर काढलं की लाकडावर जिथे काळं लागलं असेल तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं, पुन्हा खरवडायचं. कारखान्यात हेच काम निळा रंग लावून करायचे, त्यामुळे बाबांना पद्धत सांगावी लागली नाही. भाऊ दुकानातून आणलेली डबी वापरायचे. बाबांना ती पातळ वाटली.

"काजळ धरून दे," ते सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंनी स्वयंपाकघरात तेलाचा दिवा लावला, त्यावर पितळी वाटी उपडी धरली. तीन मिनिटांत घरातले सगळे स्मोक अलार्म एकदम ओरडायला लागले. मी मीटिंगमध्ये होते. खाली आले तेव्हा सासूबाई एका हाताने वाटी तशीच धरून दुसऱ्या हाताने पदराने छताला वारा घालत होत्या आणि बाबा खुर्चीवर चढून अलार्मशी झटापट करत होते. समोरून भाऊ धावत आले. त्यांना वाटीच्या आतला काळा थर दाखवला. त्यांनी बोट लावून पाहिलं, दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, आणखी मिळेल का?

त्यानंतर काजळ अंगणात धरलं जायचं, दोन घरांसाठी.

"चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या डोळ्यांना कुणी इतक्या वेळा काजळ विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुझे डोळे पहिल्या वेळीच बरोबर बसले होते," बाबा मान वर न करता म्हणाले. सासूबाई आत निघून गेल्या. त्या दिवशी जेवणात बाबांच्या आवडीचा वडा-भात होता.

चाप बसायला अकरा दिवस लागले, नळीची खाच व्हायला जवळजवळ तीन आठवडे. सप्टेंबरमध्ये दस्ता तेलाला आला. भाऊंनी डबा उघडला तेव्हा बाबांनी वास घेतला आणि मला हाक मारली.

"सूनबाई, हे तर जवसाचं तेल होय! याला विचार, हे खातात का इथं?"

सासूबाई तोवर बोट बुडवून तोंडाकडे नेत होत्या. आमच्या घरी जवसाची चटणी रोजची. भाऊ इतक्या जोरात ओरडले की सासूबाईंनी डबाच सोडला असता. या तेलात ते लवकर वाळावं म्हणून औषधं घातलेली असतात, ते खायचं नसतं. भाऊ बराच वेळ घाम पुसत होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना खायच्या जवसाची चटणी नेऊन दिली. त्यांनी ती टोस्टवर लावून खाल्ली आणि डबी धुऊन परत पाठवली. डबीत स्वतःच्या झाडाची नाशपती होती, कारण रिकामी डबी परत द्यायची नसते हे बाबांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

नवरात्र बसलं तेव्हा बंदूक जवळजवळ पूर्ण होती. राहिला होता फक्त नळीचा रंग. तो रंग म्हणजे गंजच असतो, पण मुद्दाम आणलेला आणि मापात ठेवलेला. नळी कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून आरशासारखी करायची. तिच्यावरचा तेलाचा अंश न् अंश पुसायचा. मग तिला औषध लावून दमट पेटीत टांगायची. तिच्यावर बारीक गंज चढतो, तो ब्रशने झाडायचा, पुन्हा औषध, पुन्हा पेटी. सहा-सात दिवसांत नळी गडद तपकिरी होते. कामाची एकच अट आहे. नळी साफ केल्यावर तिला उघडा हात लावायचा नाही. बोटावरचं तेल आणि घाम जिथे लागेल तिथे रंग फसतो.

बाबांनी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आखणी लिहिली. दसऱ्याला, मुहूर्तावर पहिलं औषध. सात दिवस रंग. आठव्या दिवशी जुळवणी आणि भाऊंच्या क्लबच्या मैदानावर पहिला बार. नवव्या दिवशी विमान. त्यात एक दिवसही मोकळा नव्हता.

अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत नळी चकचकीत झाली. बाबांनी पांढरे सुती हातमोजे घालून ती स्पिरिटने पुसली. मी गॅरेजमध्ये गेले तर म्हणाले, "श्वाससुद्धा तिकडं सोडू नको."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद असायची. धुऊन-पुसून त्यांना हार घालायचे, पूजा व्हायची, प्रसादाचा चिवडा वाटला जायचा. बाबांनी तेहतीस वर्षांत एकही खंडेनवमी चुकवली नव्हती. गॅरेजमध्ये त्यांनी पाट मांडला, त्यावर नवा पंचा. कानशी, पटाश्या, व्हर्निअर, मापं, चाप. नवऱ्याचा लॅपटॉप. माझा कीबोर्ड, कारण मीही त्यावरच पोट भरते. मधोमध नळी, जी त्यांनी हातमोज्यांनी उचलून ठेवली. मग पूजेसाठी त्यांनी हातमोजे काढले.

मी फोनवर फोटो काढत होते. फोटो अजून आहेत, त्यांचा क्रमही सांगते. पहिल्यात बाबा पळीतलं पाणी उजव्या हातावर घेत आहेत. दुसऱ्यात बोटं हळदीत आणि कुंकवात. तिसऱ्यात पाचही बोटं नळीच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे तिच्या आठ सपाट बाजूंपैकी वरच्या बाजूवर, टेकलेली. आजूबाजूला सासूबाई, नवरा आणि मी. चौघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. कारखान्यातल्या यंत्रांवर रंगाचे आणि तेलाचे थर असायचे, त्यांच्यावरचं कुंकू दुसऱ्या दिवशी फडक्याने निघून जायचं. आणि पूजेतली वस्तू त्या दिवशी हलवायची नसते. त्यामुळे ओली हळद-कुंकवाची बोटं साफ केलेल्या उघड्या पोलादावर चोवीस तास राहिली. बाहेर दिवसभर पाऊस होता.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी अंघोळ करून उत्तरपूजा केली आणि ओल्या फडक्याने नळी पुसली. लाल-पिवळा रंग गेला. खाली पाच तपकिरी डाग होते.

त्यांनी भिंग आणलं. चार डाग वरवरचे होते. अंगठ्याचा खोल होता, दस्त्याकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर. त्यांनी तो नखाने तपासला. नख अडकलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले आणि नळी बाजूला ठेवली. डावीकडे.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, देवाचं लागलं ना ते. त्यात वाईट काय?"

"देवाचं नाही, माझं लागलं. मोजे कोणी काढले?"

दुपारच्या श्रीखंड-पुरीला बाबा एक पुरी खाऊन उठले.

संध्याकाळी भाऊ आले. मी त्यांना खंडेनवमी समजावून सांगितली. पाट, पंचा, पाच बोटं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि कीबोर्डकडे बोट करून विचारलं, "यालाही?" मी हो म्हटलं. मग त्यांनी नळी भिंगाखाली धरली, हातमोजे घालून, आणि परिस्थिती सांगितली. ती पट्टी पुन्हा कानशीने घासावी लागेल. ते दोन-तीन दिवसांचं काम. त्यानंतर रंगाला सात दिवस. बाबांकडे नऊच होते आणि त्यात जुळवणी आणि पहिला बारही होता. एक मार्ग होता. बाबांनी नळी घासून जावं. रंग भाऊ नंतर लावतील, बंदूक जुळवतील आणि रोज फोटो पाठवतील.

मी हे मराठीत सांगितलं. नवऱ्याने दुसरा मार्ग काढला. "बाबा, तिकीट पुढे ढकलू. चेंज करायला दहा मिनिटं लागतात."

"तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरची तारीख दोनदा पुढं ढकलली आपण, इथं येण्यापायी."

"माझं काही नाही हो, मी थांबते," सासूबाई म्हणाल्या.

"काल वांग्याच्या भाजीत साखर घातलीस तू, मीठ समजून. तू काय थांबते?"

"मग भाऊंना करू दे ना," नवरा म्हणाला. "ते बेस्ट करतील. एंड रिझल्ट तोच ना?"

बाबा स्टुलावर बसले होते. मग भाऊंकडे बघून, पण मराठीत म्हणाले, "तेहतीस वर्षं मी खोकं भरून पुढं पाठवलं. पुढं काय झालं ते माहीत नाही. पुन्हा तेच करू का?" आणि मला, "हे सांग त्यांना. नीट सांग. त्यांच्या कामावर माझा भरोसा नाही असं त्यांना वाटायला नको."

मी सांगितलं. भाऊंनी मान हलवली. आपणही आयुष्यभर साचेच केले, असं ते म्हणाले. त्यांच्या साच्यातून जे ओतलं गेलं त्याची मोटार त्यांनी विकत घेतली होती, पण त्या मोटारीत आपला भाग कुठला हे त्यांना कधी बाहेरून दिसलं नाही. ते उठले आणि घरी जाऊन आपली सगळ्यात बारीक कानस घेऊन आले. ती त्यांनी बाबांच्या हातात न देता बाकावर ठेवली आणि आपल्या घरी गेले.

तीन दिवस बाबा पट्टी घासत होते. दोन्ही हातांनी कानस आडवी धरून, नळीच्या लांबीभर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर वेळी सारखा दाब. डागापुरतं घासलं तर तिथे खळगा होतो, म्हणून सबंध पट्टी खाली आणावी लागते. गॅरेजमधून एकच आवाज यायचा, लांब आणि एकसारखा. पहिल्या दिवशी दोन डाग गेले, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. अंगठ्याचा राहिला. तिसऱ्या दिवशी तो तुरीच्या डाळीएवढा झाला, मग तिळाएवढा.

तिथे बाबा थांबले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते व्हर्निअरने मोजत होते.

"आणखी घासली तर मागच्या जोडाशी, नळीला बूच बसतं तिथं, पायरी पडेल," ते म्हणाले. "हे बघ, बोट फिरव. आता सपाट आहे ना? आणखी दोन हात मारले की लागेल बोटाला."

"मग?"

"मग काय. डाग घालवायला गेलो तर जोड जातो. डाग डोळ्याला दिसतो, जोड बंदुकीला लागतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "याला कारखान्यात वरच्या साहेबाची सही लागायची. कमी-जास्त असलं तरी चालवून घ्यायचं का, हे तो ठरवायचा. आम्हाला अधिकार नव्हता."

"इथे वरचा साहेब कोण?"

ते हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच.

रंगाचंही त्यांनी तसंच ठरवलं. सहा दिवसांत रंग, जुळवणी आणि बार होणार नव्हतं. नळी पांढरीच ठेवायची, पॉलिश करायची, तेल लावायचं. अशा पांढऱ्या नळ्याही असायच्या, भाऊ म्हणाले, फक्त त्यांना माणूस लागतो. दर आठवड्याला पुसणारा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

उरलेले दिवस जुळवणीत गेले. नळी दस्त्यात बसली, चाप बसला, पितळ चढलं, दारू ठासायचा गज आपल्या भोकात सरकला. शेवटचा स्क्रू पिळताना त्यांनी मला बोलावलं नाही. सासूबाईंना बोलावलं.

आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, आम्ही क्लबच्या मैदानावर गेलो. नवऱ्याने सुट्टी टाकली होती. सासूबाई नऊवारीवर जाकीट आणि पायात माझे स्पोर्ट्स शूज अशा आल्या. पहिला बार भाऊंच्या नियमाप्रमाणे माणसाने खांद्याला लावून उडवायचा नव्हता. बंदूक जुन्या टायरला बांधली, बाबांनी लांबून दोरी ओढली आणि बार उडाला. नळी आणि जोड तपासले. सगळं जागच्या जागी होतं. मग बाबांनी भाऊंच्या देखरेखीखाली बंदूक पुन्हा भरली आणि खांद्याला लावली. तेहतीस वर्षं शस्त्रांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाने त्या दिवसापर्यंत बंदूक उडवली नव्हती.

घोडा ओढला. चकमक पडली, ठिणगी उडाली, बाहेरची चिमूटभर दारू फुस्स करून जळाली. बार झाला नाही.

"झालं?" सासूबाईंनी कानावरचे हात काढून विचारलं.

"थांब, हलू नको," बाबा म्हणाले. बंदूक त्यांनी समोरच रोखून धरली होती. बार कधी कधी उशिराही उडतो म्हणून भाऊंनी मनात आकडे मोजले, मग मान हलवली. बाबांनी बारीक तारेने नळीच्या बाजूचं छिद्र साफ केलं, नवी चिमूट घातली आणि पुन्हा खांद्याला लावली. या वेळी आवाज झाला, रुंद आणि खालच्या पट्टीतला, आणि पांढऱ्या धुराचा एवढा मोठा ढग उठला की बाबा त्यात कमरेपर्यंत दिसेनासे झाले.

धुरातून पहिला आवाज सासूबाईंचाच आला. "लागली का?"

"कशाला?"

"अहो, निशाणाला!"

"निशाण मी कुठं बनवलंय?" बाबा धुरातून म्हणाले.

त्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलंच नाही. बंदूक आडवी धरून ते चापाच्या कडेने नख फिरवत होते, लाकूड कुठे हललंय का बघत.

अशी बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते, नाहीतर दारूच्या काळ्याने आतून खाल्ली जाते. घरी आल्यावर बाबांनी ड्राइव्हवेवर कढत पाण्याची बादली घेतली, नळी सोडवली आणि गजाला चिंधी गुंडाळून आतून धुवायला बसले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. आत सासूबाई आणि नवरा बाथरूमच्या वजनकाट्यावर बॅगा ठेवून बघत होते. भाऊंनी दिलेली नाशपतीच्या जॅमची बाटली कुठल्या बॅगेत घालायची यावरून वाद चालला होता.

बाबांनी नळी कोरडी केली, तेल लावलं, बंदूक शेवटची जुळवली आणि मला म्हणाले, "एक कागद दे. आणि पेन."

मी नोटपॅड दिलं. त्यांनी बाकावर बसून सुवाच्य, उभ्या अक्षरांत लिहिलं. नळीची लांबी, आठही पट्ट्यांची मापं, चापाच्या जोडातलं अंतर. त्याखाली: 'दोष: वरच्या पट्टीवर एक डाग. कारण: निरीक्षकाचा अंगठा. निर्णय: स्वीकृत.' कारखान्यात निरीक्षकाने कागदावर आपला नंबर घालायचा असतो, नाव लिहायचं नसतं. त्यांनी पेन थोडा वेळ कागदावर धरलं आणि मग पूर्ण नाव लिहिलं, मध्ये वडिलांच्या नावासकट.

"हे बंदुकीबरोबर ठेव," ते म्हणाले. तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली की बॅगेची चेन लागत नाही, आणि बाबा हात पुसत बॅगेवर बसायला गेले.